पावसाळ्यानंतर गल्ली धुताना

पावसाळ्याचे चार महिने आपल्या दारापुढचा कोबा आणि शहाबादी फरशी ओलीच असते. वस्तीत घराला घर लागून, गल्ली अरुंद, ऊन पोचत नाही. मग शेवाळ धरते. सकाळी पाणी भरायला निघालेल्या आजीचा पाय त्यावरून सरकला तर खुब्याचे हाड मोडते आणि महिनोन्महिने अंथरूण धरावे लागते. म्हणून दारापुढची जागा घासून धुणे हे आरोग्याचेच काम आहे.

अलीकडे काही ठिकाणी चार घरे मिळून गाड्या धुण्याचे प्रेशर मशीन भाड्याने आणतात. काम झटपट होते, पाणीही उघड्या पाइपपेक्षा कमी लागते. मात्र काही धोके ओळखून घ्या.

गढूळ पाण्याचे तुषार : गटाराजवळच्या चिखलात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. याचे जंतू पायाच्या भेगा, चिखल्या, जखमा, डोळे आणि तोंड यांतून शरीरात शिरतात. मशीनच्या जोराने हेच पाणी तोंडावर उडते. म्हणून आधी चिखल फावड्याने काढून घ्या. गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला. पाण्याची धार गटारात मारू नका. पाण्याची भांडी झाका, मुलांना दूर ठेवा.

पाण्याची धार : ही धार कातडी फोडून आत शिरू शकते. बाहेरून छोटे छिद्र दिसते, पण आत मोठी इजा असते. ताबडतोब दवाखाना गाठा. धार माणसावर किंवा स्वतःच्या पायावर धरू नका.

वीज : जोड दिलेली वायर ओल्या जमिनीवर नको. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लगच वापरा. ओल्या हाताने बटण दाबू नका.

ब्लीचिंग आणि ॲसिड : हे दोन्ही कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि अरुंद गल्लीत जीव गुदमरतो.

मशीन नसले तरी अडत नाही. खराट्याने चिखल काढा. बादलीत एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा, शेवाळावर ओतून पंधरा-वीस मिनिटे ठेवा, मग ताठ ब्रशने घासून धुवा. चिखलावर कोरडी पावडर भुरभुरण्याचा फारसा उपयोग नाही. घाणीतच तिचा जोर संपतो. शेवटी खड्ड्यांत साचलेले पाणी काढून टाका.

काम झाल्यावर साबणाने हातपाय धुवा. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि आपण गल्ली धुतली होती, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर आजार बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

गटार तुंबले असेल तर कोणालाही आत उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आणि गल्ली धुण्याची पाळी लावताना ती फक्त बायकांच्या नावावर लावू नका. घरातल्या पुरुषांनीही खराटा हाती घ्यावा.