चष्मा बदलला की वस्ती बदलते

चष्मा घातलेल्या माणसाला चष्मा दिसत नाही, जग दिसते. विश्वदृष्टीचेही तसेच आहे. हे जग कोणी निर्माण केले, माणूस कोण आहे, त्याची किंमत कशावरून ठरते, आणि त्याने जाब कोणाला द्यायचा, या प्रश्नांची जी उत्तरे मनात घट्ट बसलेली असतात, त्यांचे मिळून नाव विश्वदृष्टी. उर्दूत तिला आपण नजरिया-ए-हयात म्हणतो. ती केवळ विद्वानांकडे असते असे नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, मुलीला पुढे शिकवायचे की नाही हे ठरवताना तीच आपल्या आतून बोलत असते.

आम्ही चारकोपचे रहिवासी. त्यामुळे उदाहरणासाठी आम्हाला लांब जावे लागत नाही.

झोपडीकडे पाहण्याच्या निदान दोन तऱ्हा आहेत. एक म्हणते, हे अतिक्रमण आहे, हटवा. १९८१ साली मुंबईतील पदपथांवरच्या वस्त्या हटवण्याची मोहीम निघाली, ती याच नजरेतून. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालाने वस्त्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. पण उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असेही सांगितले. म्हणजे अतिक्रमणामागे उभा असलेला पोटार्थी माणूस कायद्याला दिसला.

दुसरी नजर इंग्रज वास्तुरचनाकार जॉन टर्नर यांनी मांडली. पेरू देशातील गरीब वस्त्यांत काम करताना त्यांना जाणवले की, ही माणसे समस्या नाहीत, ती स्वतःच आपली घरे बांधणारी आहेत. त्यांना हवी पायाखाली हक्काची जमीन, पाणी आणि थोडा अवधी.

याच विचाराच्या वळणाने जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि चारकोप, गोराई, मालवणी येथे म्हाडाने भूखंड पाडले. तयार घर नव्हे, तर लहान भूखंड, रस्ता, पाणी आणि गटार. भिंती ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे उभ्या करायच्या. कमी उत्पन्न गटांच्या भूखंडांजवळच अधिक उत्पन्न गटांचेही भूखंड ठेवले.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. अशा योजना फसल्या, असे बँकेच्या वर्तुळातच मानले जाऊ लागले, आणि बँकेने त्यातून अंग काढले. वीसेक वर्षांनी संशोधकांनी मुंबई आणि चेन्नईतील याच वस्त्या पुन्हा तपासल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चित्र उलटे निघाले. घरांवर मजले चढले होते, वस्त्या गजबजल्या होत्या, वेगवेगळ्या उत्पन्नाचे लोक एकत्र राहत होते. जे घाईच्या मापाने अपयश ठरले, ते पिढीच्या मापाने यश ठरले. वस्ती तीच होती. माप कोणते लावायचे हे मात्र नजरेने ठरवले.

मुसलमान म्हणून आमच्यापाशी एक माप आहे. जमीन, पैसा, अधिकार, सारे अमानत आहे. माणूस पृथ्वीवर खलीफा, म्हणजे प्रतिनिधी आहे, आणि एक दिवस हिशेब द्यायचा आहे. हे खरोखर मानणाऱ्याला झोपडीतला माणूस 'कचरा' दिसणे शक्य नाही. दिसत असेल, तर जिभेवर एक अकीदा आहे आणि डोळ्यांवर दुसऱ्याच कुणाचा चष्मा आहे.

हा चष्मा मुलांना आम्ही धड्यांतून कमी आणि बोलण्यातून जास्त देतो. 'त्या वस्तीतल्या मुलांशी खेळू नकोस' हे एक वाक्य वर्षभराच्या नीतिशिक्षणावर पाणी फिरवते. वर्गात आम्ही हे रोज पाहतो. कोण कोणाशेजारी बसायला तयार नाही, यावरून घरातल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा कळतात.

म्हणून आजपासून घरात एक सवय लावून पाहा. एखाद्या माणसाविषयी, मोहल्ल्याविषयी, जमातीविषयी कोणी निकाल दिला की शांतपणे विचारा: हे तू पाहिलेस, की ऐकलेस? आणि त्यांच्या जागी आपण असतो, तर आपल्याविषयी काय बोललेले आवडले असते? मूल लगेच उत्तर देणार नाही. पण पुढच्या वेळी पाहताना क्षणभर थांबेल. नजर बदलायला तेवढे थांबणे पुरते.