रॅम ओव्हरक्लॉकिंगमधील अस्थिरता

संगणकाची रॅम तिच्या प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने चालवली असता तिच्यातील माहिती अधूनमधून चुकीची वाचली किंवा लिहिली जाते. या स्थितीला रॅम ओव्हरक्लॉकिंगमधील अस्थिरता असे म्हणतात. नव्याने जुळवलेल्या डेस्कटॉप संगणकांत ही अडचण वारंवार आढळते. रॅम, प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक, मदरबोर्ड आणि विद्युतदाब हे चार घटक एकत्र येऊन प्रथमच चालत असल्यामुळे दोष नेमका कोठे आहे हे बाह्य लक्षणांवरून कळत नाही. दोषाचे निदान न होता संगणक वापरात राहिल्यास चकतीवरील धारिकाही नकळत बिघडू शकतात.

== पार्श्वभूमी ==

रॅमची तांत्रिक मानके जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ चे मानक २०१२ मध्ये, तर डीडीआर५ चे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ साठी १.१ व्होल्ट हा प्रमाणित विद्युतदाब आहे. प्रत्येक मॉड्यूलवर एसपीडी नावाची लहान चिप असते. मॉड्यूलची क्षमता, वेग आणि कालमापने तिच्यात नोंदलेली असतात. संगणक सुरू होताना बायोस ही नोंद वाचतो आणि रॅम सामान्यतः जेडेकच्या मानकात बसणाऱ्या वेगाने चालवतो.

खोक्यावर छापलेला वेग बहुधा याहून अधिक असतो. तो वेग मिळवण्यासाठी लागणारी मूल्ये उत्पादक त्याच चिपमध्ये स्वतंत्र प्रोफाइल म्हणून साठवतात. इंटेलने यासाठी २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात एक्सएमपी ही पद्धत आणली. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्सपो ही पद्धत सुरू केली. बायोसमध्ये एका निवडीने हे प्रोफाइल चालू करता येते. त्यामुळे ते नेहमीच्या वापराचाच भाग आहे असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्या अशा वापराची गणना ओव्हरक्लॉकिंगमध्ये करतात आणि त्याचा हमीवर परिणाम होऊ शकतो असे त्यांच्या अटींत नमूद असते.

खोक्यावरील वेगाची ग्वाही फक्त मॉड्यूलपुरती असते. प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रक तो वेग पेलेलच असे नाही. उदाहरणार्थ, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी अधिकृत वेग दोन मॉड्यूल असताना डीडीआर५-५२०० आणि चार मॉड्यूल असताना डीडीआर५-३६०० इतकाच आहे. अशा प्रोसेसरवर ६००० वेगाची चार मॉड्यूल बसवली आणि प्रोफाइल चालू केले, तर त्यांपैकी कोणताही भाग सदोष नसतानाही संगणक अस्थिर होऊ शकतो.

== वेग आणि कालमापने ==

डीडीआर प्रकारच्या रॅममध्ये घड्याळाच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवली जाते. त्यामुळे डीडीआर५-६००० मधील ६००० हा आकडा दर सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष हस्तांतरणांचा असतो आणि प्रत्यक्ष घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचे असते. या वेगाला एक आवर्तन सुमारे ०.३३३ नॅनोसेकंदांचे होते.

सीएल, टीआरसीडी, टीआरपी आणि टीआरएएस ही प्राथमिक कालमापने आवर्तनांच्या संख्येत लिहिली जातात. सीएल ३६ म्हणजे वाचनाची आज्ञा दिल्यानंतर माहिती हाती येईपर्यंत ३६ आवर्तने जातात. ६००० वेगाला हा काळ १२ नॅनोसेकंद होतो. आकडा ३६ च ठेवून वेग ५६०० केला, तर तोच काळ सुमारे १२.९ नॅनोसेकंद होतो. म्हणजे केवळ वेग उतरवला तरी चिपला मिळणारा अवधीही आपोआप वाढतो. निदान करताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

रॅममधील प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रावरील विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो. हा भार सतत गळत असल्याने त्याचे ठरावीक काळाने पुनर्भरण करावे लागते. तापमान वाढले की गळतीही वाढते. म्हणून ८५ अंश सेल्सियसच्या वर पुनर्भरणाचे प्रमाण दुप्पट करण्याची तरतूद मानकात आहे. ओव्हरक्लॉकिंग करताना पुनर्भरणाचे अंतर वाढवले असेल, तर त्याहून बऱ्याच कमी तापमानालाही चुका होऊ शकतात.

== लक्षणे ==

अस्थिरतेची लक्षणे पुढीलप्रमाणे आढळतात:

* संगणक सुरूच न होणे, किंवा पडदा काळा राहून तो पुन्हापुन्हा सुरू होत राहणे.
* विंडोजमध्ये निळा पडदा येणे आणि दर वेळी त्रुटीचा संकेत वेगळा असणे.
* खेळ किंवा न्याहाळक कोणताही संदेश न देता बंद पडणे.
* मोठ्या संकुचित धारिका उघडताना त्या खराब असल्याचा संदेश येणे, आणि तीच धारिका दुसऱ्या संगणकावर व्यवस्थित उघडणे.
* संचालन प्रणाली स्थापित करताना प्रक्रिया मध्येच थांबणे.

डीडीआर५ संगणक पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहणे हा मात्र दोष नव्हे. या वेळात मेमरी नियंत्रक संदेशांची वेळ जुळवून घेत असतो. या प्रक्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ती चालू असताना वीज बंद केल्यास प्रक्रिया पुन्हा आरंभापासून करावी लागते.

== माहितीला असलेला धोका ==

संगणक बंद पडणे हे त्रासदायक असले तरी ते निदान दिसते. त्याहून गंभीर धोका न दिसणाऱ्या चुकांचा असतो. चकतीवर लिहिली जाणारी प्रत्येक धारिका आधी रॅममधून जाते. तेथे एखादा बिट उलटला, तर चुकीची माहिती चकतीवर व्यवस्थित लिहिली जाते आणि चकतीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. छायाचित्रांचा संग्रह नव्या संगणकावर हलवताना असे घडल्यास ते अनेक महिन्यांनी, मूळ प्रत पुसून टाकल्यानंतर, लक्षात येऊ शकते.

डीडीआर५ चिपच्या आत त्रुटिसुधारणेची सोय असते, परंतु ती चिपमध्ये साठवलेल्या माहितीपुरती मर्यादित आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधील मार्गावर होणाऱ्या चुका तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे होणाऱ्या अनेक चुका याच मार्गावर होतात. त्यासाठी ईसीसी प्रकारची मॉड्यूल आणि त्यांना साथ देणारे प्रोसेसर व मदरबोर्ड लागतात.

या कारणाने रॅमची चाचणी पूर्ण होईपर्यंत महत्त्वाच्या धारिकांची एकमेव प्रत नव्या संगणकावर न ठेवणे आणि जुनी प्रत न पुसणे इष्ट मानले जाते. हलवलेल्या धारिकांची मूळ प्रतीशी तुलना एसएचए-२५६ सारख्या बेरीज-पडताळणीने करता येते.

== निदानाची पद्धत ==

निदानाचे मूळ तत्त्व म्हणजे एका वेळी एकच बदल करणे आणि प्रत्येक बदलानंतर तीच चाचणी पुन्हा घेणे. एकाच वेळी वेग, कालमापने आणि विद्युतदाब बदलल्यास संगणक स्थिर झाला तरी कारण कळत नाही.

=== मूळ स्थितीची तपासणी ===

प्रथम एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून रॅम प्रमाणित वेगावर आणली जाते. प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग किंवा त्याचा विद्युतदाब कमी करण्यासाठी केलेले बदलही मागे घेतले जातात, कारण त्यांची लक्षणे रॅमच्या दोषासारखीच दिसतात. संगणक सुरूच होत नसेल, तर मदरबोर्डवरील सीमॉस पुसण्याच्या खुंट्या वापरून, किंवा वीज तोडून नाण्याच्या आकाराची बॅटरी काही वेळ काढून ठेवून, बायोस मूळ स्थितीत आणता येतो.

या स्थितीतही चुका आढळल्यास ओव्हरक्लॉकिंग हे कारण उरत नाही. मग मॉड्यूल, खाच, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरची बैठक यांपैकी एखादा भाग सदोष असण्याची शक्यता असते. चुका थांबल्यास शोध प्रोफाइलमधील मूल्यांपुरता मर्यादित होतो.

=== बैठक आणि खाचा ===

मॉड्यूल खाचेत पूर्ण बसले आहे का आणि कड्या लागल्या आहेत का, हे पाहिले जाते. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन मॉड्यूल असल्यास ती बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावी लागतात. अनेक मदरबोर्डांत एका मार्गावरील दोन खाचा एकामागून एक जोडलेल्या असतात. जवळच्या खाचेत मॉड्यूल आणि टोकाची खाच रिकामी असेल, तर रिकाम्या टोकावरून संदेश परावर्तित होतो आणि उच्च वेगाला अडथळा येतो.

=== एकेका मॉड्यूलची चाचणी ===

एकच मॉड्यूल एका खाचेत ठेवून चाचणी घेतली जाते, नंतर त्याच खाचेत दुसरे मॉड्यूल ठेवले जाते. चूक मॉड्यूलबरोबर फिरत असेल तर दोष मॉड्यूलमध्ये असतो. खाचेबरोबर राहत असेल तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्ये असतो. दोन्ही मॉड्यूल एकेकटी स्थिर आणि एकत्र अस्थिर असल्यास नियंत्रकावरील भार हे संभाव्य कारण ठरते. स्वतंत्रपणे विकत घेतलेले दोन संच एकाच नावाचे असले तरी त्यांतील चिप वेगळ्या असू शकतात.

=== चिप की नियंत्रक ===

वेग एक पायरी उतरवल्यावर चुका थांबल्या, तरी त्यावरून दोषी घटक ठरत नाही, कारण त्यामुळे चिप आणि नियंत्रक दोघांवरचाही ताण कमी होतो. म्हणून वेग तसाच ठेवून कालमापने सैल केली जातात, उदाहरणार्थ सीएल ३६ ऐवजी ४०. यामुळे चुका थांबल्यास मर्यादा चिपची असते. न थांबल्यास नियंत्रकाकडे किंवा मदरबोर्डवरील मार्गांकडे लक्ष द्यावे लागते. नियंत्रक रॅमच्या निम्म्या वेगाने चालवण्याची सोय असल्यास ती वापरूनही हीच खात्री करता येते.

=== विद्युतदाब ===

विद्युतदाब वाढवणे हा शेवटचा उपाय समजला जातो. एक्सएमपीतील डीडीआर४ मॉड्यूल अनेकदा १.३५ व्होल्टवर चालतात. काही मदरबोर्ड प्रोफाइल चालू होताच प्रोसेसरमधील संबंधित विद्युतदाबही आपोआप वाढवतात. २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसद्वारे एसओसी विद्युतदाबाला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे विद्युतदाबाला हात लावण्यापूर्वी बायोसची अद्ययावत आवृत्ती बसवणे आवश्यक ठरते.

== चाचणीची साधने ==

मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६+ ही साधने संचालन प्रणालीशिवाय, पेनड्राइव्हवरून चालतात. चकतीवरील माहितीला त्यामुळे धोका पोहोचत नाही, म्हणून पहिली चाचणी त्यांनीच घेणे योग्य असते. त्यांत दर वेळी एकाच पत्त्यावर चूक येत असल्यास चिपमधील दोष संभवतो. पत्ते बदलत असल्यास कालमापने, विद्युतदाब किंवा तापमान यांचा संशय येतो.

ही चाचणी उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. तिच्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची उष्णता नसते. म्हणून नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५, कारहू रॅम टेस्ट किंवा वाय-क्रंचर, तर लिनक्सवर स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट ही साधने काही तास चालवली जातात. यांत एकही चूक ग्राह्य धरली जात नाही. हिवाळ्यात उत्तीर्ण झालेला संगणक उन्हाळ्यात बंद पेटीत ग्राफिक्स कार्डच्या उष्णतेत अस्थिर होऊ शकतो, त्यामुळे चाचणी नेहमीच्या वापरातील तापमानाला घेतली जाते. संगणक पूर्ण थंड असताना आणि निद्रावस्थेतून उठवूनही पडताळणी केली जाते.

== स्थिरता मिळाल्यानंतर ==

अस्थिर रॅमवर स्थापित झालेल्या संचालन प्रणालीतील धारिका आधीच बिघडलेल्या असू शकतात. त्यामुळे रॅम स्थिर झाल्यावरही संगणक बंद पडत राहतो आणि निदान चुकल्याचा भास होतो. अशा वेळी प्रणालीतील धारिकांची तपासणी करणे, किंवा प्रणाली नव्याने स्थापित करणे, हा खात्रीचा मार्ग आहे.

सर्व उपायांनंतरही छापील वेग मिळत नसेल, तर एक पायरी खालचा वेग स्वीकारला जातो. ६००० ऐवजी ५६०० वेगावर बँडविड्थची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि दैनंदिन कामात हा फरक क्वचितच जाणवतो. मॉड्यूल प्रमाणित वेगालाही चुका करत असेल, तर मात्र ते हमीअंतर्गत बदलून घेणे हाच उपाय असतो. संचातील मॉड्यूल एकत्र तपासलेली असल्याने अशा वेळी बहुधा पूर्ण संच परत करावा लागतो.

== हे सुद्धा पहा ==

* रॅम
* मदरबोर्ड
* बायोस
* ओव्हरक्लॉकिंग