पुस्तकांच्या फिरत्या प्रती आणि आपला विवेक

आमच्या गावी मराठी पुस्तकांचे दुकान नाही. म्हणून एका हयात लेखकाचा संपूर्ण कथासंग्रह आम्ही मोबाइलवरून शिक्षकमित्रांस धाडला. ते चुकले, हे कबूल केले पाहिजे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राखले. १९९२ साली ती मुदत ६० वर्षे झाली. मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ती मोजतात. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुले आहे. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले. त्यांची कविता २०४५ च्या आरंभी खुली होईल. अध्यापनाच्या ओघात उतारे देण्यास मात्र कलम ५२ ची मुभा आहे; २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा अर्थ उदारपणे लावला.

तेव्हा वर्गात उतारा द्यावा, खुले ग्रंथ निःशंक वाटावेत. परंतु परक्याच्या धनावर औदार्य दाखवू नये. मराठी पुस्तकास ग्राहक आधीच थोडे. त्यांतले आपण शिक्षकच फुकट प्रतींवर भागवू लागलो, तर दुसरी आवृत्ती निघावी कशी? महाराष्ट्राबाहेर मराठी टिकावी असे म्हणणाऱ्यांनी निदान लेखकाच्या ताटातले ओढून घेऊ नये.