पदवी घरी आली. वेळ कोठून आणावयाचा?

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक असलेले एक गृहस्थ मागे मला भेटावयास आले. बडतर्फीची नोटीस नव्हती, पगाराची तक्रार नव्हती. नोकरी सांभाळून ते ऑनलाइन एम.बी.ए. करीत होते आणि परीक्षेसाठी मागितलेली तीन दिवसांची रजा नामंजूर झाली होती. त्या सत्रात त्यांचा एक विषय होता मनुष्यबळ व्यवस्थापन! आम्ही दोघेही हसलो. पण रजा काही मिळाली नाही.

मला स्वतःला पदवी नाही. परंतु कामाच्या तासांचा हिशेब करण्यात आयुष्य गेले, म्हणून हा प्रश्न त्याच बाजूने मांडतो.

राबणाऱ्याने शिकावे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुस्तके विद्यार्थ्याच्या घरी जाऊ लागली. आता व्याख्यानेही मोबाइलवर येतात. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी वर्गात बसून मिळविलेल्या पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी ठरविले. नागपूरच्या माणसाला त्यासाठी पुणे-मुंबई गाठावयास नको. अंतर मिटले, ही मोठीच गोष्ट झाली.

पण तास? अशा शिक्षणात एका श्रेयांकास सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. वाचन, व्याख्याने, स्वाध्याय सारे त्यात आले. समजा, दोन वर्षांची पदवी ८० श्रेयांकांची आहे. म्हणजे २४०० तास, आठवड्याला २३. त्यात नोकरीचे ४८ मिळविले की झाले ७१. १९२२ च्या कायद्याने कारखान्याचा आठवडा ६० तासांवर आणला होता. आपला विद्यार्थी स्वखुशीने त्याच्याही मागे जातो! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तो रविवार आता स्वाध्याय लिहिण्यात जातो.

हे तास आकाशातून पडत नाहीत. काही झोपेतून येतात, काही मुलांच्या वाट्यातून, आणि बरेचसे घरच्या बाईच्या श्रमातून. शिकणारी स्वतःच बाई असेल, तर तिच्या वाट्याचे काम कोण उचलणार, हे आधी घरात बसून ठरवावे. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे काय, हे आयोगाच्या यादीत पाहावे. आणि घाई करू नये. इंदिरा गांधी विद्यापीठाची दोन वर्षांची एम.बी.ए. चार वर्षांत पुरी करता येते. मुदत दुप्पट केली की वरच्या हिशेबातील आठवड्याचे २३ तास साडेअकरांवर येतात. संसारी माणसाला तेवढेच झेपते.

परंतु सगळा भार शिकणाऱ्यानेच का वाहावा? त्याच्या ज्ञानाचा लाभ मालकालाही होतोच ना? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्ये सवेतन शिक्षण-रजेचा करार संमत केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. आम्ही संघटनावालेही बोनस आणि महागाईभत्त्यासाठी भांडलो. शिक्षण-रजा मागण्यांच्या यादीत कधी वर आली नाही. हा दोष आमचाही आहे.

त्या गृहस्थांनी तीन दिवसांचा पगार बुडवून परीक्षा दिली. पुढे उत्तीर्ण होऊन पेढे घेऊन आले. मी विचारले, "उद्या तुम्ही साहेब झालात आणि कोणी असाच अर्ज आणला तर?" ते म्हणाले, "डोळे मिटून सही करीन, भाऊ."

माणूस सच्चा आहे, सही करीलही. पण एका साहेबाच्या चांगुलपणावर हजारोंचे शिक्षण विसंबून ठेवता येत नाही. ते करारात लिहून घ्यावे लागते.