गिटार ट्यूनरवर सुरात, पण पेटीसोबत कणसूर? घरच्या घरी असं तपासा इंटोनेशन

गणपतीचे दिवस. मंडणगड तालुक्यातली एखादी वाडी, मुंबईहून चाकरमानी आलेले, रात्री भजन रंगलेलं. बुवांनी पेटीवर काळी एक धरलेली असते. घरातला कॉलेजला जाणारा मुलगा मुंबईहून आणलेली गिटार घेऊन बसतो, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावतो आणि साथ सुरू करतो. दोन कडव्यांतच बुवा मान हलवतात. "बाळा, कणसूर लागतंय."

मुलगा कॅपो काढून मोबाइलवरचं ट्यूनर ॲप लावतो. सहाही तारांवर हिरवा दिवा. मग चूक कोणाची?

कोणाचीच नाही. ट्यूनर मोकळ्या तारेचा सूर सांगतो, बुवा ऐकतायत तो दाबलेल्या तारेचा. मोकळी तार बरोबर असूनही दाबल्यावर सूर सरकत असेल, तर गिटारचं इंटोनेशन बिघडलंय असं म्हणतात.

असं का होतं? गिटारच्या गळ्याच्या टोकाची पट्टी म्हणजे नट, आणि खाली तार जिच्यावर टेकते ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. सतारीच्या भाषेत ही झाली घोडी. बारावा फ्रेट नटपासून गणिताप्रमाणे बरोबर निम्म्यावर असतो. नट ते सॅडल 648 मिलिमीटर धरले, तर बारावा फ्रेट 324 वर. तार निम्मी झाली की वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. पण तार दाबताना ती थोडी ताणलीही जाते आणि ताण वाढला की सूर चढतो. हे भरून काढायला कारागीर सॅडल हिशेबापेक्षा जरा मागे बसवतात. जाड तारेला ही सूट जास्त लागते, म्हणून ॲकॉस्टिक गिटारची सॅडल तिरकी दिसते. ती वाकडी बसलेली नसते, मुद्दाम तशी असते.

सतारवाल्यांना ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सुटते. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर हलला की पडदा सरकवायचा. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले, ते हलत नाहीत. म्हणून सगळी दुरुस्ती तारेच्या दोन टोकांनाच करावी लागते.

आता मंडणगडचा पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. श्रावणात पापड मऊ पडतात, दारं फुगून चौकटीत अडकतात. गिटारही लाकडाचीच. हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता असेल तर ती खूश असते, कोकणात पावसाळ्यात हा आकडा 80 च्या वर सहज जातो. मुंबईच्या एसी खोलीतली गिटार अशा हवेत आली की वरची फळी ओल पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. जितकं अंतर जास्त, तितकी तार जास्त दाबावी लागते आणि तितका सूर चढतो. अख्ख्या लाकडाच्या फळीला हे जास्त जाणवतं, प्लायच्या स्वस्त गिटारला कमी. इथे महाग गिटारवालाच तोट्यात!

तपासायचं कसं?

आधी तारा नव्या घाला. हे टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. गंजलेली, घामाने माखलेली तार सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही, तिचा सूर काहीही केलं तरी नीट लागत नाही. बाणकोट-वेळासच्या खाऱ्या हवेत तर तारा फारच लवकर जातात. नव्या तारा हलक्या हाताने ताणून, पुन्हा पुन्हा सुरात लावून स्थिर होऊ द्या.

मग गिटार वाजवताना धरता तशीच धरा, आडवी ठेवू नका. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर लावा. बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर, तार न दाबता, बोट नुसतं टेकवा आणि छेडून लगेच उचला. घंटेसारखा नाद येईल, तो हार्मोनिक. आता तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून छेडा. दोन्ही सूर एकच यायला हवेत.

फरक सेंटमध्ये मोजतात. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर एक भाग म्हणजे एक सेंट. दोन-तीन सेंटचा फरक सोडून द्या. पाचच्या पुढे गेला की तयार कानाला खुपायला लागतो.

इलेक्ट्रिक गिटारवर काम सोपं आहे. प्रत्येक तारेची सॅडल वेगळी आणि तिला स्क्रू असतो. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. एक मिलिमीटर सरकवल्याने सुमारे पावणेतीन सेंटचा फरक पडतो, म्हणजे पाच सेंट चढ्या तारेला जवळजवळ दोन मिलिमीटर मागे जावं लागतं. सरकवण्याआधी तार सैल करा आणि प्रत्येक वेळी मोकळी तार पुन्हा लावूनच मोजा. हे विसरल्याने लोक तासभर गोल गोल फिरतात.

ॲकॉस्टिकची सॅडल मागेपुढे होत नाही. तिथे आधी तारेची उंची बघा. बाराव्या फ्रेटवर जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक पहिलीखाली दोन मिलिमीटरच्या आसपास जागा ठीक. ती बरीच जास्त असेल तर सूर चढण्याचं कारण बहुतेक तेच. पण दोष नटकडेही असू शकतो. ओळखायची युक्ती अशी: कॅपोशिवाय सुरुवातीचे कॉर्ड चढे वाटतात आणि कॅपो लावल्यावर बरे वाटतात, तर नटच्या खाचा उंच आहेत. त्या कोरायला बारीक कानशी लागतात आणि खाच जास्त खोल गेली तर तार खडखडते, म्हणून ते काम कारागिरावर सोपवा. दोन्हीकडे चढेच वाटत असेल तर सॅडल आणि उंचीकडे बघा.

त्या रात्रीपुरतं काय करायचं?

मंडणगडला रेल्वे नाही, गिटार दुरुस्त करायला मुंबई गाठायची तर एसटीत दिवस जातो. भजन मात्र आज आहे. अशा वेळी कॅपो फ्रेटच्या अगदी जवळ लावा. कॅपोही तार दाबतो, म्हणजे तोही सूर चढवतो. म्हणून कॅपो लावल्यावर तारा पुन्हा लावा. आणि मोबाइलशी नाही, पेटीशी लावा. ॲप 440 हर्ट्झ धरून चालतं, पेटी नेमकी तिथे असेलच असं नाही. ओल्या फळीचा दोष याने जाणार नाही, पण कणसूर बराच झाकला जाईल.

एवढं करूनही एखाद्या जाणत्याला शुद्ध गंधार खटकेल. तो दोष इंटोनेशनचा नाही. गिटार आणि आजची पेटी, दोन्हींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. याच वादातून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शतकापूर्वी बावीस श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला होता आणि 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं.

आता राहिली सॅडल. ती खालून घासून उंची कमी करता येते. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर सँडपेपर पसरा आणि सॅडल सरळ उभी धरून घासा. सॅडल एक मिलिमीटर कमी केली की बाराव्या फ्रेटवर उंची निम्म्यानेच, अर्धा मिलिमीटर उतरते. मात्र हे काम भर पावसात करू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फुगलेली फळी आपोआप खाली बसते आणि श्रावणात घासलेल्या सॅडलवर तारा फ्रेटला लागून खडखडतात. तोवर गिटार केसमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या ओल्या झाल्या की बदला. पुढे सॅडल घासायचीच झाली तर जुनी जपून ठेवा आणि घासायला दुसरी आणा.