सोळाशे मीटर

कामठीच्या छावणीवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं. मी आधी यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर गेले. आमच्या जिल्ह्यात छावणी नाही. पण पहाटे पाचच्या अंधारात धावणारी पोरं आहेत. घाटंजी, आर्णी, बाभूळगावकडची, बहुतेकांच्या घरी कोरडवाहू कापूस. नागपूरच्या सैन्यभरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत संपवलं, तर पूर्ण ६० गुण. घड्याळ घेऊन उभे असतात ते सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदार. पोरं त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात, सैन्यात शिकवणाऱ्याला म्हणतात तसंच.

“काहून थांबला बे? पाय नाही थकले तुये, डोक्स थकलं!”

कन्हानकाठची कामठी इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवली. आज तिथं उस्तादांच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे. पायदळाच्या पलटणी जात-प्रांत पाहून भरल्या जात, त्या काळात, १९४९ मध्ये, सरसेनापती करिअप्पांनी ही सगळ्या भारताची रेजिमेंट उभी केली. १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे अल्बर्ट एक्का याच गार्ड्सचे.

मला मात्र उस्तादांच्या कवायतीनं धरून ठेवलं. मैदानाच्या कडेला त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्यात, बरोबर तीस-तीस इंचांवर. मिनिटाला १२० पावलं. नांगरामागं चालणाऱ्याचं पाऊल ढेकूळ पाहून पडतं, कधी लांब, कधी आखूड. प्रत्येकाची चाल वेगळी. ती सवय मोडायला आठवडे लागतात. ‘तेज चल’ ऐकताच घाबरलेल्या पोराचा उजवा हात उजव्याच पायाबरोबर पुढं जातो. उस्ताद हसत नाहीत. त्याचं मनगट धरून शेजारी चालतात, ‘एक-दो-एक’ म्हणत, तो सुधारेपर्यंत. ‘थम’ कोणत्या पायावर पडला हे कानानं नाही, टाचेनं ओळखायचं, म्हणतात. साठीजवळचा हा माणूस वळतो तेव्हा टाचेचा एकच आवाज येतो. तो ऐकायला मी चार दिवस गेले.

उस्तादांच्या घरी त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा दिला. पलंगाखाली काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. अशा पाच पेट्यांत त्यांचा संसार फिरला. सैन्याच्या बोलीत बायको म्हणजे ‘फॅमिली’. लग्न लागलं तरी ‘पार्ट टू ऑर्डर’ निघेपर्यंत कागदावर ती नसतेच. काकूंची ऑर्डर निघायला वेळ लागला, तेवढे दिवस त्या माहेरीच होत्या. मग क्वार्टर मिळालं. उस्ताद फील्डवर गेले की वेगळ्या स्टेशनला राहायचं, शेजारच्या पंजाबी बाईकडून परोठे आणि तमिळ बाईकडून रस्सम शिकायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या. “रात्री कोणाच्याही दारी गाडी थांबली की सगळ्याच बाया उठून बसायच्या,” काकू म्हणाल्या.

त्या शेजाराचं पुढं काय होणार, ही माझी काळजी आहे. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. पोरगा अविवाहित हवा. चार वर्षांनी फार तर चौथा हिस्सा कायम होतो. बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख घेऊन परततात. पेन्शन नाही. उस्तादांना पेन्शनचा आधार आहे, दवाखान्याचा आहे, कँटीनचं कार्ड आहे. काकूंचं म्हातारपण त्यावरच उभं आहे. ज्यांना ते शिकवतात त्यांतल्या बहुतेकांना पंचविशीच्या आतच घरी यावं लागेल, क्वार्टरच्या दारात एकदाही कुंकवाचं पाऊल न उमटता. इतकी घडवलेली पावलं इतक्या लवकर परत पाठवणं मला पटत नाही.

पोरांना हे सांगता का, मी उस्तादांना विचारलं. “त्यांना माह्यापेक्षा जास्त माहीत हाये,” ते म्हणाले आणि बाभूळगावकडच्या एकाला हाक मारली. त्यानं खिशातून वही काढली. बहिणीचं लग्न, विहीर, सोसायटीचं कर्ज. आकडे मांडून तयार. स्वतःच्या नावापुढं त्यानं अजून काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी त्याची वेळ आली पाच मिनिटं एकेचाळीस सेकंद. वही उस्तादांच्या हातात देऊन तो पुन्हा रेघेवर जाऊन उभा राहिला.