आप्पांचं ब्रेबॉर्न

चर्चगेट स्टेशनबाहेर पडायचं, वीर नरिमन रोडने समुद्राच्या दिशेने चालत सुटायचं, के. रुस्तमकडे दोन वेफर बिस्किटांमध्ये दाबलेलं आइस्क्रीम घ्यायचं आणि ते वितळायच्या आत मरीन ड्राइव्हचा कट्टा गाठायचा. जळगावहून मुंबईला नोकरीसाठी आलेल्या कुणाचाही हा पहिल्या महिन्याचा प्रोग्रॅम. माझाही होता. पण आपण ज्या इमारतीच्या सावलीत आइस्क्रीम खातो, तेच ब्रेबॉर्न स्टेडियम, हे मला कळायला दोन वर्षं लागली. तेही आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर झापल्यावर. "काय गं, त्याच्या भिंतीला टेकून आइस्क्रीम खाते अन् तुला माहीत नाही?"

आप्पांसाठी ब्रेबॉर्न म्हणजे १९७३. फेब्रुवारीतली इंग्लंडविरुद्धची टेस्ट. आधीच्या कानपूर टेस्टमधून सलीम दुराणीला वगळलं होतं आणि 'नो दुराणी, नो टेस्ट' अशा पाट्या झळकल्या होत्या. बावीस वर्षांचे आप्पा घरी 'मामाकडे जातो' असं सांगून रात्रीच्या पॅसेंजरने मुंबईला निघाले. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. तिकीट लालबागच्या मामांनी कुठून मिळवलं, ते आजवर गुलदस्त्यातच आहे. दुराणी परत आला आणि त्याने पहिल्या डावात ७३ केले, दुसऱ्यात ३७. मॅच ड्रॉ झाली. ती दुराणीची शेवटची टेस्ट ठरली आणि पुढची छत्तीस वर्षं ब्रेबॉर्नचीही.

असं का झालं, ही खरी गोष्ट. त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला १९३३ मध्ये. क्लबला हवी होती बॅक बेच्या भरावावरची मोक्याची जागा, आणि ती सरकारच्या हातात. क्लबचे सूत्रधार अँथनी डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नकडे गेले आणि त्यांनी विचारलं, सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? ही सांगोवांगीची कथा आहे, पण स्टेडियमचं नाव बघता गव्हर्नरसाहेबांनी काय निवडलं ते उघड आहे. १९३६ मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर १९३७ मध्ये मैदान खुलं झालं. पाहुण्या टीमचा मुक्काम क्लबातच असायचा. बेडरूममधून उठायचं आणि पॅड बांधून थेट बॅटिंगला! आजच्या टीम-बसवाल्यांना हेवा वाटावा असा थाट.

आणि काय काय पाहिलंय या मैदानाने. १९४३ च्या पेंटँग्युलर फायनलमध्ये 'रेस्ट'च्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजय हजारेंचे. भाऊ विवेक दुसरं टोक धरून उभा, ३०० च्या भागीदारीत त्याचे २१. (ऑफिसात सगळं काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने मीटिंगला बसायचं, ही पद्धत तेव्हापासूनची असावी.) १९४९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध जिंकायला ३६१ हवे होते. हजारेंनी शतक ठोकलं. शेवटी सहा रन्स उरले असताना पंचांनी बेल्स उचलल्या. ओव्हरचा एक बॉल बाकी होता, घड्याळातही थोडा वेळ होता. तिथे आपण पहिली टेस्ट जिंकलो असतो. त्यासाठी १९५२ पर्यंत थांबावं लागलं.

१९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवनला आउट दिलं. कॉमेंटेटर रेडिओवर म्हणाला, आउट नव्हता. स्टँडमध्ये कानाकानाला ट्रान्झिस्टर. काही मिनिटांत बाटल्या उडाल्या, ईस्ट स्टँडला आगी लागल्या. आप्पा तेव्हा जळगावला एका पानटपरीवर हीच कॉमेंट्री ऐकत होते. "इथे टपरीवरबी पेटलं असतं," असं ते अजून सांगतात.

मग मैदान बंद का पडलं? तिकिटांवरून. स्टेडियम क्लबचं, मॅच भरवणारी मुंबई क्रिकेट असोसिएशन, आणि कुणाला किती जागा यावरून दोघांत वर्षानुवर्षं धुसफूस. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी चालत दहा मिनिटांवर दुसरं स्टेडियमच उभारलं, साधारण तेरा महिन्यांत. जानेवारी १९७५ मध्ये तिथे टेस्टही झाली. वानखेडे नागपूरचे. मुंबईच्या क्लबवाल्यांना नागपूरच्या माणसाने दाखवून दिलं, याचा आम्हा बाहेरगावच्यांना थोडा आनंद होतो. खोटं कशाला बोला. पण त्या भांडणात खेळाडूंसारखीच प्रेक्षकांचीही एक जागा हरवली. क्लब मेंबरांचा उरला आणि आप्पांसारख्यांना गेटवरून परत फिरायची वेळ आली. नव्वदच्या दशकात ते एकदा नुसतं मैदान बघायला गेले होते. वॉचमनने 'मेंबर आहात का' विचारलं. आप्पा म्हणाले, "नाही, प्रेक्षक आहे." आत सोडलं नाही.

२००९ मध्ये श्रीलंकेविरुद्ध टेस्ट परतली. सेहवाग एका दिवसात २८४ वर नाबाद होता आणि दुसऱ्या सकाळी २९३ वर मुरलीधरनच्याच हातात गेला. ती मॅच जिंकून भारत पहिल्यांदा टेस्टमध्ये नंबर वन झाला. आप्पांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. टीव्हीही बघता आला नाही.

मग आला २६ मार्च २०२३. पहिल्या डब्ल्यूपीएलची फायनल ब्रेबॉर्नला. मी दोन तिकिटं काढली आणि आप्पांना आदल्या दिवशी बोलावून घेतलं. गुडघे दुखत होते, पण आले. सोबत केळीचे वेफर्स. ते गेटवर काढून घेतले, त्यावर त्यांचं पाच मिनिटं भाषण झालं. आत शिरल्यावर मात्र गप्प. पोरींची बॅटिंग सुरू झाली तरी यांची नजर स्टँडवरून फिरतेय.

दिल्लीचे १३१. मुंबईने तीन बॉल राखून मॅच मारली, नॅट सिव्हर-ब्रंट ६० नाबाद. मी उड्या मारत होते. आप्पांनी माझी बाही ओढली आणि समोर बोट दाखवलं.

"तिथे बसलो होतो. दुराणीने सिक्स मारला तो माझ्या चार रांगा पुढे पडला."

"कुठे? त्या बाजूला?"

"नाही गं. तो खांब दिसतो ना, त्याच्या डावीकडे." मग जरा थांबून, "का उजवीकडे होतं?"

लोक उठून निघाले, लाइट्स मंद व्हायला लागले, तरी आमचं खांबाचं काही ठरेना.